नटांवरचं कुंकू

मी मूळची मिरजेची. वडील तिथं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर, त्यामुळं स्पिरिटचा वास म्हणजे आमच्या घरचाच वास, आणि मी नर्सिंगला गेले ती त्यातूनच, दुसरं काही डोक्यात नव्हतं. पण तुमचं ते टेप चालू आहे तर आधी एक सांगून ठेवते, मी जन्माची भित्री, नाहीतर पुढं तुम्ही म्हणाल ही बाई तिखटमीठ लावून सांगतेय. लहानपणी भाऊ विहिरीत पोहायला उतरला की मी काठावर बसून त्याचं डोकं वर येईपर्यंत श्वास धरून बसायची, आणि तो मेला मुद्दाम खाली राहायचा, मग वर येऊन हसायचा, आणि मी रडत घरी. आई म्हणायची, हिला कशाला नर्सिंगला पाठवता, रक्त बघून ही पहिली पडेल. तसं काही झालं नाही बघा. रक्ताला मी कधी भ्याले नाही. हॉस्पिटलात माणूस येतो तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आपण फक्त पुढचं नीट करायचं असतं. माझी भीती त्याच्या आधीची. जे अजून झालेलंच नाही ना, त्याची.

लग्न झालं ते सांगलीजवळच्या एका कारखान्यातल्या फिटरशी. टूलरूममध्ये होते, हात फार चांगला. मग इकडं इंग्लंडला नर्सेस पाहिजेत असं कळलं, मी अर्ज टाकला, आणि मी आधी आले आणि हे मागून आले, त्यावरून मित्रांनी ह्यांना बराच त्रास दिला, बायकोनं नेलेला नवरा म्हणून. ह्यांनी कधी मनावर घेतलं नाही. लेस्टरला तेव्हा फॅक्टऱ्या होत्या, ह्यांना लगेच काम मिळालं, वसंत कुणाला म्हणता येईना म्हणून सगळे विन्स म्हणायला लागले, आणि शुभा झाल्यावर आम्ही गावाच्या कडेला, विगस्टनला हे घर घेतलं. ह्यांनी घर बघितलंच नाही हो. आधी गॅरेज बघितलं. एजंट किचन दाखवतोय आणि हे बाहेर गॅरेजच्या भिंतीला टेप लावून बसलेत.

मला थिएटर मिळालं, ऑपरेशन थिएटर, त्यातही हाडांचं. काय सांगू तुम्हाला, वीकेंड झाला की सोमवारी आमच्याकडं रांग. मोटरसायकलवाले, गाडीवाले, पोरं सगळी, वीस-बावीसची. एखाद्याचा गुडघा डॅशबोर्डला लागलेला, एखाद्याची छाती स्टिअरिंगला. मी सर्जनच्या हातात स्क्रू द्यायची आणि मनात म्हणायची, ह्याच्या आईला कुणी फोन केला असेल. घरी येऊन हे कधी सांगितलं नाही मी. आता वाटतं सांगायला पाहिजे होतं, पण सांगून तरी काय, ह्यांनी ऐकलं असतं असं नाही.

तर ती गाडी. शुभा दहा-अकराची असेल. एक दिवस मी ड्यूटीवरून आले तर दारात लॉरी, आणि दोन माणसं एक भलंमोठं पिवळं टरफल उतरवतायत. नुसतं टरफल हो. फायबरग्लासचं, आत काही नाही, वर छप्पर नाही, दोन माणसं बसतील एवढं. मी म्हटलं, अहो हे काय? तर हे म्हणतात, गाडी. म्हटलं, बाकीची कुठाय? म्हणतात, बाकीची मी करणार. इकडं तसं असतं, किट कार म्हणतात, बॉडी आणि खालची लोखंडी चौकट कंपनी देते, आणि इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, स्टिअरिंग हे आपण एखाद्या जुन्या गाडीतून काढून घालायचं. पुढच्या शनिवारी ती जुनी गाडीपण आली, दोरीनं ओढत, गंजलेली, दारात हात घातला तर पत्रा हातात येत होता. मी ते टरफल बोटानं वाजवून बघितलं. डब्यासारखा आवाज आला. 

मी विचारलं, पुढून कुणी धडकलं तर छातीच्या आणि बाहेरच्या मध्ये काय आहे? हे म्हणाले, इंजिन आहे की. मला बाई ते इंजिन छातीवर आलेलं दिसायला लागलं. लोक गाडी बघायचे, म्हणायचे, वा विन्स, काय सुंदर रंग आहे. मी रंग बघतच नव्हते. मी बसणाऱ्याची हाडं बघायची, ह्यांची, आणि मग शुभाची, कारण ती पोरगी पहिल्या दिवसापासून त्या टरफलात जाऊन बसली ती उठलीच नाही. घसा फोडून सांगितलं मी, अभ्यास कर, डॅडच्या नादाला लागू नको. ती म्हणायची, आई, तू किती घाबरते, हे फक्त मेकॅनो आहे, मोठा मेकॅनो. म्हणजे पोरांचा तो नटबोल्ट जोडायचा खेळ. इकडं जन्मलेली, तिला मराठीतलं तो, ती, ते कधी कळलं नाही, पण कार्ब्युरेटर उघडायला बाराव्या वर्षी शिकली.

वर्षं गेली त्यात. एक-दोन नाही, वर्षं. कामावरून आले की जेवण आणि गॅरेज, रविवारी नाष्टा आणि गॅरेज. किचन टेबलावर वायरी पसरलेल्या, मी पोळ्या लाटायच्या कुठं? बाथटबमध्ये गिअरबॉक्सचे भाग भिजत घातलेले, त्यावरून मात्र मी घर डोक्यावर घेतलं होतं. पण ते सगळं चालायचं. मला आवाज चालायचा. ठोकाठोकी चालली आहे, रेडिओ चालला आहे, शुभा काहीतरी बडबडतेय, तोवर मी आपली किचनमध्ये बरी असायची. आवाज थांबला की संपलं. गाडी जॅकवर उचललेली असायची आणि हे खाली आडवे, नुसते पाय बाहेर. आवाज थांबला की मी हातातलं टाकून दारात जायची आणि म्हणायची, अहो. ते खालून म्हणायचे, हं. तेवढंच. मग मी परत यायची. पुढं पुढं तर ते मी न विचारताच म्हणायला लागले, आवाज थांबवला की आपणच खालून, हं. हसायचे लोक आम्हाला. पण त्या हं वर माझी कितीतरी वर्षं गेली.

आता ते लाल ठिपक्यांचं नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. टूलरूमचा माणूस, त्यामुळं ह्यांची एक पद्धत. नट आधी नुसता बोटांनी बसवायचा, मग सगळं जागेवर आलं की शेवटी टॉर्कच्या पान्यानं आवळायचा, तो पाना बरोबर ताण बसला की टिक असा आवाज देतो. टिक झालं की नटावर लाल ठिपका. ठिपका आहे म्हणजे आवळलेला आहे, ठिपका नाही म्हणजे हात लावायचा नाही, गाडी हलवायची नाही. ठिपक्याला रंग कुठला, तर माझं नेलपॉलिश. आम्हाला थिएटरमध्ये नखांना काही लावायची परवानगी नाही, ख्रिसमसला कुणीतरी दिलेली लालभडक बाटली तशीच पडली होती, ती ह्यांनी ढापली. मला आवडली बाई ती पद्धत. गाडीतली तेवढी एकच गोष्ट आवडली. मी अधूनमधून दिवा घेऊन जायची आणि ठिपके बघून यायची, ह्यांना न सांगता.

शेवटी झाली गाडी. एमओटी, म्हणजे रस्त्यावर आणायच्या आधीची तपासणी, पास झाली, नंबर प्लेट लागली, हे आणि शुभा फिरून आले, गॉगल लावून, राजा-राणीसारखे. मी बसले नाही. मला वाटलं, चला, झालं, आता विकतील. कसलं काय! आले ते म्हणतात, स्टिअरिंग जड लागतंय आणि खड्ड्यावरून गेलं की चाक आपोआप वळतंय, सगळं काढून वेगळं बसवायला पाहिजे. म्हणजे परत खोला. परत बसवलं की ब्रेक बरोबर नाहीत. परत खोला. मग मला कळलं की हे संपायचं नाही, ह्यांना गाडी चालवायची नाहीच आहे, ह्यांना ती करायची आहे. मी म्हटलं, बरं आहे, खोललेली असते तेवढे दिवस कुणी बसत तरी नाही.

त्या वर्षी सासूबाई आल्या होत्या, सांगलीहून, सहा महिन्यांसाठी. सत्तरीच्या, बारक्या, पण काटक. पहिलं विमान, पहिली थंडी, त्यांना कशाचंच काही वाटलं नाही. गाडी बघून म्हणाल्या, वशा, तू केलीस? ह्यांचा ऊर असा भरून आला की विचारू नका. शुभाची परीक्षा संपून सोळावं लागलेलं, दिवसभर आजी आणि नात, एक म्हणायची आजी हे बघा डिस्ट्रिब्युटर आहे, दुसरी म्हणायची बरं बाई. आणि दसरा आला. आमच्याकडं इथं सण रविवारी, सुट्टी असेल तेव्हा, त्यामुळं खंडेनवमीची हत्यारं आणि दसऱ्याची गाडी एकाच रविवारी पुजायची ठरलं. सासूबाईंचं म्हणणं, पूजा झाली की गाडीनं शीव ओलांडलीच पाहिजे, सीमोल्लंघन. तर हे शनिवारी रात्री जेवताना म्हणाले, आई, ह्या वेळी नको, स्टिअरिंग कालच परत बसवलंय, नट नुसते बोटानं लावलेत, अलाइनमेंट बघून मग आवळीन, उद्या उभीच पुजूया. सासूबाईंना समजलं एवढंच की पोरगं नाही म्हणतंय.  मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

सकाळी मी शिरा करत होते. सासूबाईंची आंघोळ आमच्या आधी, गॅरेजमध्ये तबक, शेवंतीची फुलं, नारळ सगळं मांडून ठेवलेलं. मग पूजा झाली, पाने-हातोड्या ओळीनं मांडलेल्या, गाडीचं नाक उचलून बाजूला ठेवलेलं, ते पुढचं झाकण अख्खं निघतं. ह्यांनी नारळ फोडला. आणि आत वाकून बघत म्हणाले, अरे, सगळे आवळलेत की मी! मला वाटलं स्टिअरिंगचे राहिलेत. दोन आठवडे ओव्हरटाइम चालला होता, कामावर सहाला जायचे, डोळे उघडत नव्हते माणसाचे, मग स्वतःच म्हणाले, रात्री केलं असणार झोपेत, बघ सगळ्यांवर लाल आहे. शुभा लगेच गॉगल शोधायला. सासूबाई हसल्या, म्हणाल्या, मग आता शीव ओलांडून ये. ठरलं, हार्बरोच्या पुढं आपला जिल्हा संपून नॉर्थॅम्प्टनशरची पाटी लागते तिथवर जायचं आणि परत. मला म्हणाले, तू माझ्यामागून तुझ्या गाडीतून ये की, एकदा तरी. मी म्हटलं, मला शिरा वाटायचाय. निघाले. कोपऱ्यावर हॉर्न दिला.

मी गॅरेज आवरायला गेले. सासूबाई तबक पुसत होत्या. वाटीत थोडं कुंकू उरलेलं, तेलात कालवलेलं, चकचकीत. म्हणाल्या, पोरगा लहानपणापासून अर्धवट, कामं अर्धी टाकतो. मी म्हटलं, का हो? म्हणाल्या, सकाळी बघितलं तर ह्यानं सगळ्या खिळ्यांना कुंकू लावलंय आणि पुढचे चार-सहा तसेच सोडलेत. सणाच्या दिवशी असं सोडतात का? मी बसून एकेकाला लावलं. एक ठेवला नाही.

मला आधी समजलंच नाही. मी त्या वाटीकडे बघत उभी होते. मग लक्षात आलं, पुढच्या नटांवरचं लाल माझं नेलपॉलिश नव्हतंच. स्टिअरिंगचा दांडा खाली जिथं जोडतात तिथला नट. तो सुटला तर चाक हातात फिरतं आणि गाडी जाते तिकडं जाते. हे मला माहीत होतं, ह्यांनीच समजावलेलं, वीस वेळा, तू घाबरू नको म्हणून. सासूबाई म्हणाल्या, काय ग, बरं नाही का? मी म्हटलं, दूध संपलंय, आणते. किल्ली घेतली आणि निघाले. पायात घरातल्या स्लिपर्स.

मोबाइल वगैरे कुणाकडं होते तेव्हा! आणि पोलिसांना काय सांगू, सासूनं कुंकू लावलं? हार्बरोच्या रस्त्यानं ओडबीपर्यंत गेले ते आठवत नाही. ग्रेट ग्लेन आलं, तिथं वळणं, प्रत्येक वळणावर मी आधी कुंपणाकडं बघायची, कुठं पिवळं दिसतंय का. दिसत नव्हतं, आणि नाही दिसलं की बरं वाटायचं आणि लगेच वाटायचं, म्हणजे पुढं असेल. मागून अँब्युलन्स आली. मी बाजूला घेतली, ती निघून गेली पुढं, त्याच रस्त्यानं, दिवे लावून. काय सांगू तुम्हाला, मी तिच्या मागं गाडी चालवत होते आणि मनात आमचं थिएटर लावत होते, कोण ऑन कॉल आहे, रविवारी कुठला सर्जन आहे, रक्त कुठल्या ग्रुपचं. शुभाचा ओ पॉझिटिव्ह. ह्यांचा बी. मोठ्यानं म्हणत होते मी ते गाडीत. मग किबवर्थला ती अँब्युलन्स गावात आत वळली, आणि मी देवाचे आभार मानले, कुणाच्या तरी घरी काहीतरी झालं होतं आणि मी आभार मानले. असं असतं माणूस.

किबवर्थच्या पुढं सरळ रस्ता लागतो, तिथं मला ते दिसले. लांब, पिवळा ठिपका. मी ॲक्सिलरेटर दाबला, कधी आयुष्यात दाबला नव्हता तसा, जवळ गेले आणि दिवे मारायला लागले, हॉर्न द्यायला लागले. शुभानं मागं वळून बघितलं. आणि पोरीनं दोन्ही हात वर केले! हसतेय, हात हलवतेय. तिला वाटलं आई आली, शेवटी आई आली आपल्या मागून सीमोल्लंघनाला. ह्यांनीपण आरशात बघितलं असणार, कारण त्यांनी हॉर्न दिला, आनंदाचा, आणि गाडी पळवली. मी जितकी जवळ जाते तितके ते पळवतायत. मला दाखवायला. बायकोला दाखवायला की बघ कशी पळते. आणि पुढं उतार दिसत होता, आणि खाली वळण, आणि मी हॉर्नवर हात ठेवून किंचाळत होते, आणि ते लोक हसत होते.

मग माझ्या लक्षात आलं की हे मी करतेय. मी मागं आहे म्हणून ते पळतायत. मी पाय काढला. तुम्हाला सांगते, आयुष्यात इतकं अवघड मी काही केलं नाही, ना लग्न, ना बाळंतपण, ना विमानात बसणं. ती गाडी डोळ्यासमोरून जाऊ द्यायची. मी एका शेताच्या फाटकाशी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि बसले. ते उतारावरून गेले, वळणावर दिसेनासे झाले. आणि मी ऐकत बसले. आवाज येतो का. काचा खाली करून, श्वास धरून. मेंढ्या होत्या समोर, चरत होत्या. आवाज आला नाही. पण आवाज न येणं म्हणजे काय ते मला कुठं माहीत होतं!

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग उलट बाजूनं आले. हळू. मी मागं दिसेना म्हणून काळजीनं परत फिरले होते, त्याच गाडीतून, तेच वळण परत घेऊन. माझ्यासमोर थांबले. शुभा उडी मारून आली, आई काय झाला, गाडी बंद पडला तुझा?  मी ह्यांच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, कुंकू. हे म्हणाले, काय? मी म्हटलं, आईंनी लावलंय, ते लाल आईंनी लावलंय.

ह्यांनी लगेच गाडीचं नाक उचललं, बाजूला ठेवलं, आत हात घातला. मी बघत होते. दोन बोटांनी फिरवला हो त्यांनी तो नट, पान्यानं नाही, दोन बोटांनी, आणि तो फिरला, अर्ध्या फेरीत हातात आला. नट तळहातावर, बोटाला कुंकू लागलेलं. त्यांचा चेहरा असा पांढरा झाला की मी थिएटरमध्ये बघितलेले सगळे चेहरे आठवले मला. मग ते तिथंच गवतात बसले. फिटर माणूस, तीस वर्षं नट आवळण्यात गेली, आणि हातातला नट गवतात पडला, तो शुभानं शोधला.  मग म्हणाले, मी पोरीला बसवलं ग शेजारी. एवढंच म्हणाले.

पाना डिकीत होता. सगळे नट तिथं फाटकापाशी आवळले, शुभानंच, ह्यांचा हात चालेना. प्रत्येकाची टिक मी ऐकली. शीव काही ओलांडली नाही, तिथूनच परतलो, शुभा माझ्या गाडीत, हे एकटे पुढं, हळूहळू, मागच्या गाड्या वैतागून हॉर्न देतायत. मी सगळा रस्ता ते पुढचं डोकं बघत आले, अर्धं टक्कल पडलेलं, वाऱ्यात केस उडणारं. मला फार राग आला होता आणि फार प्रेम आलं होतं, दोन्ही. दारात सासूबाई ओवाळायला उभ्या. म्हणाल्या, ओलांडली का शीव? हे म्हणाले, ओलांडली आई. आणि वाकून पाया पडले, बराच वेळ उठले नाहीत. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, बघ, सगळ्यांना लावलं म्हणून कसे सुखरूप आलात. आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि शिरा खाल्ला. त्या गेल्या, आता तीन-चार वर्षं झाली, सांगलीला. त्यांना कधी कळलं नाही. कळवायचं तरी काय, त्यांनी काही वाईट केलं नव्हतं.

त्यानंतर मी गॅरेजमध्ये पाय ठेवला, म्हणजे हक्कानं. मी म्हटलं, ठिपके बंद. आमच्याकडं पेशंटची जखम शिवायच्या आधी दोघीजणी मिळून रक्त टिपायचे कापडाचे तुकडे मोजतात, एखादा आत राहू नये म्हणून, एक हात लावते आणि मोठ्यानं म्हणते, दुसरी बघते आणि मोठ्यानं म्हणते, आणि जुळलं नाही तर सर्जन कितीही मोठा असो, थांबायचं. तसं इथं. गाडी हलायच्या आधी एकानं नटाला पाना लावायचा, टिक, दुसऱ्यानं म्हणायचं, ऐकली. ह्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. मग गाडी बदलत गेली, रोल बार आला डोक्यावर, गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान, तो मी मागितलेला, चांगले पट्टे आले, ब्रेक नवे, इंजिन दुसरं, खालची चौकटपण एकदा सगळी नवी वेल्ड केली. त्या पहिल्या गाडीतलं आता टरफलच राहिलंय, तेपण दोनदा रंगवलेलं. लोक विचारतात, वहिनी, आता भीती गेली असेल. नाही गेली. गॅरेजमध्ये काय काय सुटू शकतं ते आता मला नावानिशी माहीत आहे, एवढाच फरक.

शुभा इंजिनिअर झाली. कॉव्हेंट्रीला नोकरी आहे. आणि गाडी आता तिची आहे, ह्यांनी वाढदिवसाला देऊन टाकली, मला न विचारता. आज ती त्या गाडीतून वेल्सला गेली आहे, एकटी, डोंगरातून. हो, आजच. तुम्ही लंडनकडच्या पिनरहून एवढ्या लांब येणार म्हणून मी काही बोलले नाही, नाहीतर सकाळपासून माझं लक्ष कशात नाही. तुम्ही मघाशी म्हणालात ना, तुम्ही सारखं घड्याळाकडं का बघता? सकाळी आम्ही तिघांनी टिक-टिक सगळं केलं, हे म्हणाले ऐकली, मी म्हटलं ऐकली, आणि ती गेली. पोचली की फोनच्या तीन रिंगा द्यायच्या आणि ठेवायचा, आम्ही उचलायचा नाही, तसं ठरलंय, कॉलेजला होती तेव्हापासून. चारपर्यंत यायला पाहिजे होत्या. आता बाहेर अंधार पडला. हे गॅरेजमध्ये आहेत, काही काम नाहीये तिथं, गाडी नाही तर कसलं काम, नुसते स्टुलावर बसलेत, मला तोंड दाखवत नाहीत.

थांबा. वाजला. एक. दोन. तीन. चार वाजली हो. बंद का होत नाही? बंद व्हायला पाहिजे होता. तुम्ही उचला. नाही, तुम्ही उचला, माझा हात उठत नाही. कोण आहे? पोलीस आहे का? बोला की काहीतरी.

शुभा आहे? स्वतः आहे? द्या. हॅलो. शुभा. तू बोलतेस ना? बोलत राहा. काय? बंद पडली? कुठं बंद पडली? थांबलेली आहे ना म्हणजे? उभी आहे? रस्त्याच्या बाजूला उभी आहे, आणि तू फार्मवरच्या बाईच्या किचनमधून बोलतेस. चहा दिला तिनं. बरं. बरं झालं बाई. रडत नाही ग मी. फॅन बेल्ट तुटला? तुटू दे, अजून काय तुटायचं असेल ते तुटू दे, अशीच बंद पडू दे तुझी गाडी जन्मभर, औक्षवंत हो. हलू नको तिथून. अहो! अहो, ऐकलंत का, बंद पडली, उभी आहे! नवा फॅन बेल्ट घ्या आणि निघा, मी येते. हो, मीपण येते.

राहू दे आता ते टेप. तुमचा चहा गार झाला, तेवढा गरम करून घ्या, आणि दार नुसतं ओढून घ्या, लागतं ते. रात्रीचे तुम्हीपण लांब जायचं, नीट जा. आणि पोचलात की तीन रिंगा द्या.